तिसरी नोंद

धुलाई कारखान्यातल्या बायका तिला टाचणी म्हणायच्या, आणि तोंडावरच म्हणायच्या, कारण पाठीमागे म्हटलेलंही तिच्या कानावर जातंच असा सगळ्यांचा अनुभव होता. तिचं काम रफूचं. शहरातल्या हॉस्पिटलांच्या नि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल रोज गाड्या भरभरून इथे यायचे, धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन परत जायचे, आणि त्यातलं जे काही फाटलेलं, उसवलेलं असेल ते हिच्या टेबलावर येऊन पडायचं. टेबल खिडकीशी. डोळ्यांवर चष्मा, ओठांत दोन टाचण्या, आणि स्वभाव त्या टाचण्यांसारखाच. कोणी चुकून तिच्या कात्रीने कागद कापला तर त्याची सात पिढ्यांची विचारपूस व्हायची.

पण पूर्वी ती नुसती तिखट होती. कडू झाली ती भावाच्या हातामुळे.

धाकटा भाऊ तिच्याच ओळखीने इथे लागला होता, इस्त्रीच्या रोलरवर. रोलर म्हणजे दोन माणसांच्या लांबीचं गरम लाटणंच. एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने ती कोरडी, सपाट बाहेर येते. एके दुपारी चादर आत गुंडाळली गेली. भावाने यंत्र बंद केलं आणि हात घालून ती ओढायला लागला. तेवढ्यात सुपरवायझर आला. त्याच्या शर्टाला कधी चुणी नसायची, म्हणून त्याला सगळे कडकसाहेब म्हणत. फाटकात हॉस्पिटलची गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. कडकसाहेबाने बंद यंत्र पाहिलं, इकडेतिकडे न बघता बटण दाबलं, आणि भावाच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

टाचणीच्या अंगाचा तिळपापड झाला तो पुढच्या गोष्टीने. पाचच महिने आधी कडकसाहेब दोन दिवसांचं सुरक्षा प्रशिक्षण घेऊन आला होता. यंत्रात कोणाचा हात असताना यंत्र चालू होऊ नये म्हणून काय काय करायचं, ते सगळं त्याला शिकवलेलं होतं. त्याचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत घालून त्याने केबिनमध्ये लावलं होतं. चौकशी झाली तीही त्याच केबिनमध्ये, त्याच चौकटीखाली. तो म्हणाला, "मी हाक मारली होती. त्याने ऐकलं नाही." भाऊ तेव्हा हॉस्पिटलात होता. यंत्रांच्या गोंगाटात दुसऱ्या कोणी काही ऐकलेलं नव्हतं. अहवालात भावाच्या नावापुढे तीन शब्द लिहिले गेले: कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा.

भाऊ नंतर डाव्या हाताने लिहायला शिकला, बटणं लावायला शिकला, आणि एका मोटारींच्या तळावर पावत्या फाडायच्या कामाला लागला. उजव्या अंगठ्याने पुस्तक दाबून धरायचं, डाव्या हाताने पावती फाडायची. त्या दिवसाबद्दल तो चकार शब्द काढत नसे. बहिणीने विषय काढला की म्हणायचा, "ताई, सोड ना आता." ती सोडणाऱ्यातली नव्हती. हा माणूस ह्याच फाटकातून मान खाली घालून बाहेर जाताना मला बघायचाय, असं तिने ठरवून टाकलं होतं. कसा जाईल ते ठाऊक नव्हतं. पण जाईल.

वाट मिळाली ती प्रशिक्षणातूनच. वर्षाच्या आत कारखान्याला नवी मॅनेजरबाई आली आणि तिने सगळ्यांसाठीच प्रशिक्षण ठेवलं. शिकवायला आलेली बाई साठीची, आखूड पिकले केस, हात कामगाराचे. तीस वर्षं कापडाच्या गिरणीत काढलेली. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "याआधी कुठलंही प्रशिक्षण घेतलं असेल, त्यातलं काय काय लक्षात आहे?"

शेवटी कारखान्याचा एक ड्रायव्हर म्हणाला, "चहा चांगला होता."

सगळे हसले. बाईही हसल्या. "बरोबर आहे. चहा तुम्ही प्यायलात, म्हणून लक्षात राहिला. बाकीचं नुसतं ऐकलंत."

मग त्यांनी सांगितलं ते असं. शिकलेलं डोक्यात आठवडाभर टिकतं. ते हातात उतरवायचं असेल तर लहान करायचं, रोजच्या एखाद्या कामाला बांधून टाकायचं, तोंडाने मोठ्यांदा म्हणायचं, आणि रोज कोणीतरी विचारायचं, केलंस का? "विचारणारा माणूसच मिळत नाही," बाई म्हणाल्या. "पहिला महिना सगळे विचारतात. मग विचारणाराच कंटाळतो. सगळं मुसळ केरात जातं ते तिथे."

टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढून पदराला खोचल्या. मी नाही कंटाळणार, ती मनात म्हणाली.

यंत्रात हात घालण्याआधी चार गोष्टी करायच्या ठरल्या. वीज बंद. विजेच्या पेटीला आपलं स्वतःचं कुलूप. किल्ली आपल्या गळ्यात. आणि मग चालू करायचं बटण दाबून बघायचं, यंत्र खरंच मेलंय का. ही चौथी गोष्ट सगळ्यांना खुळेपणाची वाटायची. बंद केलेलं यंत्र चालू करून कशाला बघायचं? वर तोंडाने म्हणायचं, "बंद. कुलूप माझं. किल्ली माझ्याकडे. दाबून पाहिलं." जितक्या जणांचे हात आत जाणार, तितकी कुलूपं. कोणाची चूक दिसली तर जो बघेल त्याने रोलरशेजारी टांगलेल्या वहीत तिथल्या तिथे लिहायची. पाहून न लिहिणं हीसुद्धा चूक. सुपरवायझरच्या नावावर तीन नोंदी झाल्या की त्याची नोकरी गेली. रोज उभं राहून विचारायला एक प्रतिनिधी हवा होता. बिनपगारी, बिनसुट्टीचं काम. सगळ्यांनी माना खाली घातल्या. टाचणीने हात वर केला. वर म्हणाली, "माझी एक जरी चूक झाली तरी मला ह्या कामावरून काढा." तेव्हा तिला तिची चूक होईल असं स्वप्नातही वाटत नव्हतं.

तीन नोंदी. तिला फक्त तीन नोंदी हव्या होत्या.

दोन तर पहिल्याच महिन्यात पदरात पडल्या. रोज पावणेदोनला रोलर थंड करून साफ करत. एकदा कडकसाहेबाने किल्ली कुलपातच ठेवली. दुसऱ्यांदा बटण दाबून बघायचं विसरला. ती शेजारी उभीच होती. तिने वही काढली, तारीख घातली, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि त्याच्यापुढे धरली. "सही." त्याच्या कपाळावर घाम आला. दुसऱ्या नोंदीनंतर ती घरी जाताना चालत नव्हती, तरंगत होती. दिवाळखोराला लॉटरी लागावी तसा तिचा चेहरा झाला होता. आता एकच. फार तर आठवडा.

आठवडा गेला. महिना गेला. वर्ष गेलं. पावणेदोन वाजले की ती शिलाई थांबवायची, चष्मा पुसायची आणि रोलरपाशी जाऊन उभी राहायची. डोळ्यांत तेल घालून बघायची. ताप असला तरी यायची. साफसफाईच्या मावशी म्हणायच्या, "अगं, एवढं नवऱ्याकडे बघितलं असतंस तर तो तरी सुधारला असता!" ती हसायची नाही. कडकसाहेब पेटीपाशी यायचा, वीज बंद करायचा, कुलूप लावायचा, किल्ली गळ्यात घालायचा, बटण दाबायचा आणि चार वाक्यं म्हणायचा. आधी पुटपुटायचा, तेव्हा ती म्हणायची, "ऐकू नाही आलं, साहेब." तो मोठ्यांदा म्हणायचा. त्याला अपमान वाटतो हे तिला दिसायचं आणि तिचं जेवण गोड लागायचं.

मग त्याला अपमान वाटेनासा झाला. ते तिच्या लक्षात यायला वेळ लागला. तो तिच्याकडे न बघताच म्हणायला लागला. हात आपोआप चालायचे. त्याचं बघून रोलरवरचे बाकीचेही तसंच करायला लागले, मोठ्या वॉशिंग मशीनवालेही. तीन वर्षांनी त्या शिकवणाऱ्या बाई पाहणीला आल्या, तासभर गुपचूप उभ्या राहिल्या आणि टाचणीचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, "मी चाळीस कारखान्यांत शिकवलं. टिकलं ते एवढ्या एकाच ठिकाणी. तुझ्यामुळे."

टाचणीच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. हा माणूस चुकावा म्हणून ती तीन वर्षं तिथे उभी होती. आणि ती तिथे उभी होती म्हणूनच तो चुकत नव्हता.

त्यानंतर तिने एकदा वाईट काम केलं. ती पावणेदोनला गेलीच नाही. चादरींच्या ढिगाआड उभी राहिली, आणि कडकसाहेब कुलूप हातात घेतो न घेतो तोच तिने पॅकिंगमधल्या एका बाईकडून निरोप पाठवला, घरून फोन आहे, तातडीचा. मावशी रोलरपाशी फडकं घेऊन वाकल्याच होत्या. तो आता धावत जाईल, पेटी उघडी राहील. तेवढ्यात तिची नजर मावशींच्या हातांवर गेली. सोड्याने भेगाळलेली बोटं, एका नखाला हळद लागलेली. ती ओरडणार, इतक्यात कडकसाहेब म्हणाला, "मावशी, हात बाहेर." त्याने आपलं कुलूप लावलं, मावशींना त्यांचं लावायला लावलं, किल्ली गळ्यात घातली, बटण दाबलं, चारही वाक्यं म्हटली, आणि मग फोनकडे गेला. बोटं मावशींची जाणार होती आणि सूड आपला होणार होता. पुन्हा तिने तसलं काही केलं नाही. राग मात्र कमी झाला नाही. उलट जास्तच आला, कारण आता त्याला तिच्या उभं राहण्याचीही गरज उरलेली नव्हती.

भावाच्या अपघाताला सहा वर्षं होत आली. कडकसाहेबाच्या निवृत्तीला एक महिना राहिला. पॅकिंगमधल्या बायका निरोप समारंभात काय द्यायचं ह्यावर खल करायला लागल्या. घड्याळ की शाल? टाचणी दातओठ खाऊन शिवत बसायची. माणूस हार घालून घेऊन, भाषणं ऐकून, सगळ्यांना हात हलवत त्या फाटकातून जाणार होता.

आणि त्याच आठवड्यात रोलरवरचं जाड कापड कडेला उसवलं. ते काढता येत नाही, जागेवरच शिवावं लागतं, आणि ते काम तिचं. पावणेदोनला ती वाकडी सुई आणि दोरा घेऊन गेली. तिचेही हात आत जाणार होते, म्हणजे तिचंही कुलूप लागणार होतं. ती कडकसाहेबाकडे बघत उभी राहिली. वीज बंद. कुलूप. किल्ली. आता बटण विसर, ती मनात म्हणत होती, कामाचे बावीसच दिवस राहिलेत, एकदा तरी विसर. त्याने बटण दाबलं. "दाबून पाहिलं," तो म्हणाला. तिने चरफडत तोंड फिरवलं आणि रोलरमध्ये दोन्ही हात घालून पहिला टाका घातला.

"तुमचं कुलूप?" कडकसाहेबाने विचारलं.

तिचं कुलूप तिच्या एप्रनच्या खिशात होतं.

मावशी म्हणाल्या, "असू द्या हो साहेब. तुमचं तर लावलेलंच होतं ना? कोणाला काय इजा झाली?"

टाचणीने हात बाहेर काढले. तिचं डोकं लख्ख चालत होतं. पाहून न लिहिणं हीसुद्धा चूक. त्याने आता दया दाखवली, नुसतं 'जाऊ द्या' म्हटलं, की तिसरी नोंद झाली. ती बुडेल, पण त्याला घेऊन बुडेल. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. म्हण ना, जाऊ द्या म्हण. सहा वर्षांत तिला कोणाकडून काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

कडकसाहेबाने खिळ्यावरची वही काढली. तारीख घातली. तिचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, कुलूप न लावता दोन्ही हात आत, लक्ष दुसरीकडे होतं. आणि वही तिच्यापुढे धरली. "सही."

तिने सही केली. प्रतिनिधीचं काम गेलं, उद्यापासून इथे उभं राहायचा हक्कही गेला. तिने ती नोंद पुन्हा वाचली. एक शब्द वाढवलेला नव्हता, एक लपवलेला नव्हता. आणि तिचा बांध फुटला.

"इतकं खरं तेव्हा लिहिलं असतंत तर?" ती म्हणाली. "लिहिता येत होतं ना तेव्हाही? प्रमाणपत्र होतं ना डोक्यावर?"

कडकसाहेबाच्या हातात पेन तसंच होतं.

"मी हाक मारली नव्हती," तो म्हणाला.

"काय म्हणालात?" तिने ऐकलं होतं. मावशींनी ऐकायला हवं होतं. "ऐकू नाही आलं, साहेब."

"हाक नव्हती मारली. गाडी फाटकात होती. आत कोण आहे ते मी बघितलंच नाही. बटण दाबलं."

"चूक कळली की काय करायचं असतं?"

मावशींचा फडक्याचा हात जागच्या जागी थांबला होता. मग त्याने वही परत आपल्याकडे फिरवली. सहा वर्षांपूर्वीची ती तारीख त्याला आठवावी लागली नाही. त्याने लिहिलं, स्वतःचं नाव घातलं, आणि सहीसाठी ती काही म्हणायच्या आतच सहीसुद्धा करून टाकली. चूक दिसली की खरं तेवढंच लिहायची सवय लागलेला तो हात मालकाला विचारायला थांबला नाही. लिहून झाल्यावर त्याने वाचलं आणि तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला.

"ही तिसरी," टाचणी म्हणाली.

"माझा एक महिना राहिलाय हो," तो म्हणाला. विनवणी नव्हती. नुसतं सांगितलं.

"माझ्या भावाची तीस वर्षं राहिली आहेत," ती म्हणाली. वही उचलली आणि जिना चढायला लागली. मावशींनी मागून हाक मारली. ती थांबली नाही.

मॅनेजरबाईंनी दोन्ही नोंदी दोनदा वाचल्या. चष्मा काढला, पुन्हा घातला. "ही जुनी गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी स्वतःहून लिहिलीय. तुम्हाला नक्की काय हवंय?"

"माझ्या चुकीला मी प्रतिनिधीपद सोडलं. त्यांच्या तिसऱ्या चुकीला नियम काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि जुन्या चौकशीची फाईल काढा. आत्ता. मी उभी आहे."

तासभर ती उभी राहिली. फाईल निघाली, वर धूळ होती. बाईंनी ते तीन शब्द खोडले, वर खरं कारण लिहिलं, सही केली, शिक्का मारला. टाचणीने शाई वाळेपर्यंत कागदावरची नजर काढली नाही.

चार वाजता कडकसाहेब फाटकातून बाहेर पडला. हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात ती प्रमाणपत्राची चौकट. हार नाही, घड्याळ नाही, शाल नाही. पॅकिंगमधल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या आणि टाचणीकडे अशा बघायला लागल्या, जणू तिने कोणाचा गळा कापला होता. ती आपल्या खिडकीशी उभी राहून शेवटपर्यंत बघत होती. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत. आनंद झाला का? झाला. त्यात लाजायचं काय? सहा वर्षं वाट पाहून मिळालेली गोष्ट होती. मग तिने सुईत दोरा ओवायला घेतला, आणि तो चार वेळा चुकला.

घरी आली तेव्हा भाऊ स्वयंपाकघरात चहा करत होता. तिने चप्पल काढता काढता सगळं सांगून टाकलं. तिला ठाऊक होतं तो काय म्हणणार. कशाला गं ताई, म्हातारा माणूस, महिनाच राहिला होता. त्याला उत्तर तिने रस्त्यातच तयार करून ठेवलं होतं.

भावाने गॅस बारीक केला. "त्याने स्वतः लिहिलं?"

"स्वतःच्या हाताने."

"काय लिहिलं? जसंच्या तसं सांग."

"हाक मारली नव्हती. आत कोण आहे ते न बघता बटण दाबलं."

तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. चहा उतू जाऊन सगळ्या शेगडीवर पसरला, तरी त्याने हात पुढे केला नाही. तिनेच पुढे होऊन गॅस बंद केला. तेव्हा तिला त्याचा चेहरा दिसला.

"मी रोज आठवून बघायचो, ताई," तो म्हणाला. "सहा वर्षं. सगळा गोंगाट आठवायचो, एकेक आवाज. मला वाटायचं, त्याने हाक मारली असणार. मलाच ऐकू आली नसेल."

"नव्हती रे मारली," ती म्हणाली. "मारलीच नव्हती."